गंधकावरून मामा-भाचीचा वाद

मामांचं म्हणणं सरळ होतं. क्रेगेलाखीच्या व्हिस्कीत एक दोष राहून गेलाय, आणि तो काढायचं सोडून कंपनी त्याचीच जाहिरात करते. "आम्ही जे काढायचा पगार घेतला, ते ठेवायचे हे लोक पैसे घेतात," असं ते पहिल्या घोटानंतर म्हणाले.

भाचीला वाक्य आवडलं. मत पटलं नाही.

मामा उगाच बोलत नव्हते. त्यांची उभी हयात सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून गेली. आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांत उसाचा रस स्वच्छ आणि साखर पांढरी व्हावी म्हणून गंधक जाळून त्याचा वायू रसात सोडतात. त्यातला काही अंश मळीबरोबर डिस्टिलरीपर्यंत येतो. मळी पातळ करायची, आंबवायची आणि उंच स्तंभांतून वाफ खेळवत अशी गाळायची की शेवटी ९६ टक्क्यांच्या आसपासचा, ना रंग ना वास असा मद्यार्क हाती लागावा. धंद्यात त्याला ईएनए म्हणतात, एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल. त्यात गंधकाची पुसटशी जरी झाक आली तरी टँकर परत यायचा. अशा माणसाच्या नाकाखाली कुणी पेटवून विझवलेल्या काडीच्या वासाची व्हिस्की धरली, तर तो दुसरं काय म्हणणार?

भाची स्कॉटलंडमध्ये, अबर्डीनला असते. समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी, आणि सुट्टी मिळाली की गाडी काढून स्पे नदीचं खोरं. लोक ज्याला दोष म्हणतात तीच क्रेगेलाखीची ओळख आहे आणि ती नीट हुंगायला शिकावं लागतं, असं तिचं मत. त्यासाठीच तिने मामांना क्रेगेलाखी या गावात आणलं होतं. एका घरगुती गेस्ट हाउसच्या बैठकीत तेरा वर्षं मुरलेल्या क्रेगेलाखीची बाटली आणि तोंडाशी निमुळते होत जाणारे ग्लास मांडले होते. वास उडू नये म्हणून ग्लासांवर बशा झाकल्या होत्या.

गाव चिमुकलं आहे. फिडिख नदी इथेच स्पेला मिळते. थॉमस टेल्फर्डने १८१४ साली बांधलेला बिडाचा कमानी पूल स्पेवर अजून उभा आहे. १८२९ च्या महापुरात या खोऱ्यातले कितीतरी पूल वाहून गेले, हा टिकला. नदीपलीकडे मॅकॅलन व्हिस्कीचा कारखाना आहे. २०१८ साली १४ कोटी पौंड खर्चून त्यांनी गवताच्या छपराखाली नवी वास्तू बांधली, आणि तिथे जगभरचे लोक येतात. क्रेगेलाखीची डिस्टिलरी मात्र रस्त्याकडेला उभी आहे, आणि मोठ्या काचांमागचे तांब्याचे हंडे येताजाता दिसतात. मामांनी गाडीतूनच ते पाहून घेतले होते, आणि हंड्यांची मान किती उंच, वाफ कुठे जाते, असे प्रश्न तेव्हाच सुरू झाले होते.

"चांगली आहे तर मग नाव कसं ऐकलं नाही कुणी?" मामांनी विचारलं.

कारण साधं आहे. १८९१ साली अलेक्झांडर एडवर्ड आणि पीटर मॅकी यांनी ही डिस्टिलरी काढली, आराखडा चार्ल्स डॉइगचा. मॅकी म्हणजे 'व्हाइट हॉर्स' या मिश्र व्हिस्कीवाले. इथली व्हिस्की सुटी विकण्याचा त्यांचा विचारच नव्हता, ती त्यांना मिश्रणासाठी हवी होती. मालक बदलत गेले. १९९८ मध्ये ती ड्यूअर्सबरोबर बकार्डीकडे आली, तरी काम तेच राहिलं. अधूनमधून एखादी बाटली स्वतःच्या नावाने निघे, पण तेरा, सतरा आणि तेवीस वर्षांच्या व्हिस्कींची रीतसर मालिका आली ती थेट २०१४ मध्ये. तोपर्यंतची सव्वाशे वर्षं ही व्हिस्की मुख्यतः दुसऱ्यांच्या लेबलाखाली खपत होती.

"मिश्रणवाल्यांना ती का हवी असायची, ठाऊक आहे?" भाचीने विचारलं. "थोडी घातली तरी सगळ्याला अंग येतं. मामा, हिंगाला वास कशाचा असतो?"

"गंधकाचीच संयुगं."

"मग फोडणीत हिंग चालतो आणि इथे गंधक चालत नाही?"

मामा हसले. "चालतो की. फोडणीत. डबीतला हिंग नुसता चाटताना पाहिलंयस कुणाला? ब्लेंडमध्ये घालायचा माल नुसताच बाटलीत भरून सिंगल माल्ट म्हणून विकायचा, यालाच माझा विरोध आहे."

हा टोला जोरदार होता, आणि सिंगल माल्टच्या भक्तांनी त्याकडे दुर्लक्ष करू नये. 'सिंगल माल्ट' म्हणजे एकाच डिस्टिलरीची, मोड आणलेल्या बार्लीची, हंड्यांत गाळलेली व्हिस्की. स्कॉच म्हणवायचं तर ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेलं ओकचं पिंप, किमान तीन वर्षं मुरवण आणि किमान ४० टक्के मद्यार्क हवा. मूळ कुठलं आणि घडली कशी एवढंच हे नियम सांगतात. सुटी प्यावी अशी ती आहे की नाही, हे त्यांत कुठेही येत नाही. अनेक डिस्टिलऱ्यांचा माल मिश्रणात अधिक शोभतो, आणि 'सिंगल'चं कौतुक वाढल्यावर तोही बाटलीत भरला गेला.

भाचीचं उत्तर तेरा वर्षांवर टेकलेलं होतं. डबीतला हिंग म्हणजे हंड्यातून नुकती उतरलेली दारू. ही तेरा वर्षं पिंपात राहिली आहे. पिंपाचं आतलं लाकूड जाळलेलं असतं, तो कोळसा गंधकाची हलकी संयुगं शोषून घेतो आणि बाकीची हळूहळू बदलत जातात. उरतं ते थोडं. थोडं म्हणजे किती? डायमिथाइल ट्रायसल्फाइड नावाचं एक संयुग असं आहे की त्याचा उकडलेल्या कोबीसारखा वास अब्जात एका भागाहूनही कमी असताना नाकाला कळतो.

"म्हणजे पिंपाने काढायचं ते काढलं, तरी उरलं," मामा म्हणाले. "मुळात येऊच का दिलं?"

खरी गोष्ट इथे आहे. तांबं गंधकाला धरून ठेवतं. दारूचे हंडे तांब्याचे असतात त्याचं एक मोठं कारण हेच. वाफ तांब्याला जितकी घासून जाईल तितकी दारू हलकी आणि स्वच्छ होते. आज बहुतेक डिस्टिलऱ्यांत वाफ थंड करायला तांब्याच्या शेकडो बारीक नळ्यांचं यंत्र असतं, त्यामुळे तांब्याचा स्पर्श भरपूर मिळतो. क्रेगेलाखीने जुनी पद्धत सोडलेली नाही. तांब्याची एकच लांबलचक नळी, वेटोळी घालून थंड पाण्याच्या मोठ्या टाकीत बुडवलेली. वाफ आत शिरताच पटकन पाणी होते, तांब्याशी तिची फारशी गाठ पडत नाही, आणि गंधक दारूत राहून जातो.

मामांनी हे ऐकताच मान डोलावली. "हे तर गोव्याचं!" काजूच्या हंगामात सत्तरी तालुक्यात त्यांनी भट्ट्या पाहिल्या होत्या. पूर्वी वाफ धरणाऱ्या भांड्यावर गार पाणी ओतत बसायचे. आता अनेक ठिकाणी तांब्याची वेटोळी नळी पाण्याच्या टाकीतून नेतात. पहिल्या धारेचं हुर्राक, पुन्हा गाळलं की फेणी.

भाचीला आयती संधी मिळाली. "आणि फेणी तू आवडीने पितोस. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिच्या वासासकट. तो वास काढून तिचं ईएनए केलंस तर गोव्यात राहील काय?"

"गल्लत करू नकोस. फेणीचा वास काजूच्या बोंडाचा आहे. तिच्यात फळ बोलतं. तुझ्या व्हिस्कीत बार्ली बोलत नाही, नळी बोलते."

"नळीने बोलू नये असं कुणी ठरवलं?"

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. भाचीने डॅलविनीचं उदाहरण पुढे केलं. या हायलँड डिस्टिलरीने १९८६ मध्ये जुन्या टाक्या काढून नव्या पद्धतीची थंडावणी बसवली. दारू स्वच्छ झाली, हलकी झाली, आणि डॅलविनीसारखी लागेनाशी झाली. शेवटी १९९५ मध्ये टाक्या पुन्हा बसवल्या. कंपनी धंदेवाईक होती. जुनी यंत्रणा जागा खाते आणि देखभालही मागते, तरी खर्च करून ती परत आणली ती चवीसाठी. डेल्युएन नावाची दुसरी डिस्टिलरी तर आणखी पुढे गेली. तिथे मुद्दाम स्टेनलेस स्टीलचे कंडेन्सर वापरले गेले, कारण मिश्रणासाठी तशीच जड दारू हवी होती.

मामा काही वेळ गप्प होते. डॅलविनीची गोष्ट त्यांच्यातल्या केमिस्टला पटली होती. पाणी तेच, हंडे तेच, फक्त नळी बदलली आणि माल बदलला. प्रयोगशाळेतही याहून नेटका पुरावा मिळणं अवघड. नंतर त्यांनी व्हिस्कीचे चार थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात खसाखसा चोळले आणि नाकाशी नेले. मद्यार्क उडून गेल्यावर जे उरतं ते पाहायची डिस्टिलरीतली जुनी रीत. "धान्य येतंय," ते म्हणाले. "भाजलेलं."

"म्हणजे बार्ली बोलते."

"हातावर बोलते. ग्लासात नळीच."

भाचीला आता पैज हवी होती. तिने तीन ग्लास घेतले. दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी, याच खोऱ्यातली पण नव्या थंडावणीची, मऊ. रंग दिसू नये म्हणून ग्लासांभोवती कागद गुंडाळला. रंगावर विश्वास ठेवू नये हे स्कॉचच्या बाबतीत खरंच आहे, कारण साधं कॅरमल घालून रंग सारखा करायला कायद्याची परवानगी आहे. वेगळा ग्लास ओळखायचा, एवढंच मामांचं काम. या चाचणीला धंद्यात त्रिकोणी चाचणी म्हणतात.

मामांनी पहिल्यांदा बरोबर ओळखला, आणि लगेच म्हणाले, "एकदा बरोबर आलं त्याला अर्थ नाही. एक तृतीयांश नशीबच आहे. पुन्हा लाव." भाचीने पाठ फिरवून ग्लास पुन्हा मांडले, मग पुन्हा. मामा जवळजवळ दरवेळी बरोबर निघाले. ग्लास हलवून एकदम नाक खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून हळूच हुंगायचं, हे ते न सांगता करत होते.

मग दोघांनी आपापल्या कागदावर क्रेगेलाखीचं वर्णन लिहिलं. मामांनी लिहिलं: गंधकाची भट्टी, ओलं पोतं, काकवी. भाचीने लिहिलं: विझलेली काडी, भाजलेला अननस, लवंग, मटणाच्या रश्श्यासारखा जडपणा. काडी आणि भट्टी जुळली. बाकी काहीच नाही.

"फरक आहे हे मान्य," मामा म्हणाले. "पण अननस तुझ्या डोक्यातला."

"एथिल ब्युटिरेट."

मामांनी पुन्हा ग्लास उचलला. एथिल ब्युटिरेटच्या बाटलीचा अननसाचा वास प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला सांगायला नको, आणि हे एस्टर व्हिस्कीत अल्प प्रमाणात असतंच. त्यांनी बराच वेळ हुंगलं. "आता येतोय," ते म्हणाले. "पण तू नाव घेतल्यावर. हाच तर माझा मुद्दा आहे!"

त्यांचा मुद्दा भक्कम आहे. २००१ मध्ये बोर्दोतल्या संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. वाइनचं शास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली होती, तर त्यांनी तिचं वर्णन रेड वाइनच्या शब्दांत केलं. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात एकच वाइन दहा डॉलरची आणि नव्वद डॉलरची सांगून पाजली. नव्वदची जास्त आवडली, आणि आनंदाशी निगडित असलेला मेंदूचा भागही तेव्हा जास्त जागा झाला. मामांना दुसरा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटला. "माणूस खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच बरं लागतं. म्हणून तर महाग विकता येतं."

भाचीने दोन्ही प्रयोग मान्य केले, पण निष्कर्ष नाही. डोळा आणि किंमत नाकाला फसवतात, म्हणून तर कागद गुंडाळला. आणि शब्दांचं म्हणाल, तर ते कुणी शेकोटीशी बसून रचलेले नाहीत. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एडिनबरोजवळच्या पेंटलंड्स संशोधन संस्थेने व्हिस्कीच्या वासांचं चक्र तयार केलं. वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांतल्या माणसांना एकच वास एकाच शब्दात सांगता यावा, ही त्यामागची गरज. त्या चक्रात फळं, धान्य, धूर, लाकूड यांच्याबरोबर गंधकाचाही स्वतंत्र भाग आहे. व्हिस्की साधारण २० टक्क्यांवर पातळ करून तज्ज्ञमंडळी हुंगतात आणि नोंद करतात. कविता नंतर बाटलीवर येते.

"चक्र मला चालेल," मामा म्हणाले. "नमुना हुंगायचा आणि त्याला नाव द्यायचं, हे आम्हीही केलं. बाटलीवरचं मात्र वाचवत नाही."

बाटलीवरच्या मजकुराचा विषय निघाला तसा पैशाचाही निघाला. क्रेगेलाखीच्या ३१ वर्षांच्या व्हिस्कीला २०१७ मध्ये वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्समध्ये जगातली सर्वोत्तम सिंगल माल्ट ठरवण्यात आलं, आणि त्यानंतर नाव बऱ्याच जणांना कळलं. १९६२ साली गाळलेली, ५१ वर्षं मुरलेली एक व्हिस्कीही होती. तिच्या बाटल्या भरल्या ५१. २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की ही विकायची नाही, चिठ्ठी लागलेल्यांना घोट घोट फुकट द्यायची. भाचीच्या दृष्टीने हा उमदेपणा. मामांनी तो एका शब्दात निकालात काढला: "जाहिरात." दोघांचंही खरं असायला हरकत नाही.

भारतात ही बाटली सहज मिळत नाही, आणि मिळाली तर किंमत ऐकून तोंड कोरडं पडतं. स्कॉचवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के आयातशुल्क होतं. २०२५ च्या जुलैत ब्रिटनशी सही झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. गंमत म्हणजे एवढं शुल्क असूनही २०२२ मध्ये बाटल्यांच्या संख्येत भारताने फ्रान्सला मागे टाकलं आणि स्कॉचचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झाला. त्यातलं बहुतेक मिश्रण, आणि पुष्कळसं पिंपांतून किंवा टाक्यांतून येऊन इथल्या मळीच्या दारूत थोडं थोडं मिसळलं जाणारं. मामांच्या कारखान्याची ईएनए आणि स्पेच्या खोऱ्यातली दारू एकाच बाटलीत भेटल्या नसतीलच, असं काही सांगता येत नाही. मळीच्या दारूला युरोपात व्हिस्की म्हणता येत नाही, हे मामांना माहीत आहे आणि अजून थोडं बोचतं.

"बाटलीवर ४६ टक्के का?" त्यांनी मध्येच विचारलं. "४० वर आणली असती तर जास्त बाटल्या निघाल्या असत्या."

"कमी केलं आणि थंडी पडली की गढूळ होते. मग लोक तक्रार करतात. म्हणून बहुतेक जण गारठवून गाळतात. यांनी गाळलेलं नाही."

मामांना पुढचं सांगावं लागलं नाही. लांब साखळीची एस्टर मद्यार्कात विरघळतात, पाणी वाढलं की बाहेर पडतात. त्यांनी फ्रीजमधल्या पाण्याची बाटली मागवली आणि ग्लासात ओतू लागले. भाचीने "बास, बास" म्हटलं. ती स्वतः दोन-चार थेंबांवर थांबते. २०१७ मधल्या एका स्वीडिश अभ्यासाचा आधार तिला आहे: संगणकावरच्या त्या मांडणीत मद्यार्काचं प्रमाण ४५ टक्क्यांखाली गेल्यावर ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकताना दिसला. पण तिने पाणी दाखवलं होतं चमच्याने, मामांनी ओतलं अर्धा ग्लास. प्रकरण २० टक्क्यांच्या आसपास गेलं, म्हणजे तज्ज्ञ हुंगतात तिथे. व्हिस्की अंधुक झाली. मामांनी ग्लास खिडकीच्या उजेडात धरून फिरवला.

"हे बरं आहे," ते म्हणाले. "काढलेलं नाही, हे डोळ्यांना दिसतंय. अननसासारखं तुझ्या शब्दावर विसंबायचं काम नाही."

मग त्यांनी तो पातळ घोट घेतला, आणि गंधक आता मागे गेलाय, पुढे काहीतरी भाजलेल्या सफरचंदासारखं आलंय, असं स्वतःहून सांगितलं. हा शब्द भाचीने उच्चारला नव्हता. तिने ते लगेच दाखवून दिलं. मामांनी मान्य केलं नाही. काल संध्याकाळी इथेच अ‍ॅपल क्रम्बल खाल्लं होतं, तेच आठवत असेल म्हणाले.

भाचीने उद्या सतरा वर्षांची मागवायचं ठरवलं. ती जास्त फळाळ असते, गंधक दबलेला असतो, निदान तिथे तरी वाद होणार नाही. किंमत ऐकून मामांनी बशी पुन्हा ग्लासावर झाकली. "मागव," ते म्हणाले. "पाणी मी घालतो, पैसे तू घाल."